पंच क्रमांक दोन

इंजिन ऐकू आलं, दिवा दिसला नाही.
अंजनवेलच्या अंगाने काहीतरी खाडीत शिरत होतं.
फोन मीच केला.
सागर रक्षक दलाचं नारिंगी जाकीट आहे माझ्याकडे,
एक शिट्टी, आणि टॉर्च; सेल पदरचे.

उजाडता दाभोळच्या जेटीवर साहेबांनी कागद पुढे केला,
‘बर्फवाले, पंच म्हणून सही ठोका.’
कागदावर वायर होती, बॅटऱ्या होत्या, हाताने काढलेला नकाशा,
आणि ‘सॅटेलाइट फोनसदृश वस्तू, नग एक’.
मी पाहिली ती वायर.
वायर कुणाच्या होडीत नसते?
गाडीत लाद्यांना पाणी सुटत होतं. सही केली.

इद्रिस होडेकर, तांडेल, वय छत्तीस.
आता एकेचाळीस असेल.
आरोपपत्रात अजून छत्तीसच.

होडी कस्टमच्या धक्क्याला,
मुद्देमालाची चिठ्ठी कधीच धुऊन गेली,
तळाला कालवं धरलीत.
भरती आली की उचलते, दोर ताणते,
सहा तासांचा जामीन,
मग ओहोटी, पुन्हा चिखलात बूड.

त्याची रुकय्या आमच्याच शेडमध्ये कोळंबी सोलते.
माझ्याशी बोलते ते फक्त बर्फाचं.
एकदाच म्हणाली, मान वर न करता,
‘दादा, तुम्हाला बोलावलं का हो कोर्टात?’
नाही बोलावलं.
पाच वर्षं एक वाक्य तोंडपाठ करतोय मी:
मी पाहिली ती वायर.

आणि हेही लिहून घ्या.
माझ्या भाच्याच्या मांडीत दोन छर्रे आहेत.
बसस्टॉपवर उभा होता, हातात डबा.
थंडी पडली की हलतात म्हणतो.
तेव्हा दिव्याशिवाय इंजिन वाजलं
तर मी पुन्हा फोन करीन. रात्री दोनला करीन.
इद्रिस सुटून आला आणि त्याचंच वाजलं, तरी करीन.

गेल्या पंधरवड्यात धोपाव्याच्या बाजूला आणखी एक होडी धरली.
नवे साहेब, तोच कागद, तीच घाई.
म्हटलं, आधी पेटी उघडा.
ते हसले. मग हसायचे थांबले.
मी चष्मा पुसला,
ओळ वाचली, वस्तू पाहिली,
ओळ वाचली, वस्तू पाहिली.
नवव्या ओळीतली वस्तू पेटीत नव्हती.
मागे गाडीतून पाणी ठिबकत होतं,
अर्धी लादी गेली असेल.
जाऊ दे म्हटलं.