एक तिकीट कमी

आमच्या हॉल्टला स्टेशनमास्तर नव्हता.
सुपडूआप्पा होते, माझे वडील. कमिशनवर.
शंभराची तिकिटं विकली की हाती पंधरा.

पाटीवर गावाचं नाव चुकलेलं,
सावखेडीचं साखरखेडी.
भुसावळहून आलेल्या पेंटरला कुणी बोललं नाही,
पुढे पोस्टानंही साखरच धरली.

सोयी म्हणाल तर एक निंब, एक बाक,
एक हापसा, त्याचा दांडा रात्री आमच्या घरी,
आणि तारखेचं काळं लोखंडी यंत्र.
पुठ्ठ्याचं तिकीट आत सरकवलं की
खट्ट.
आजचा दिवस उमटायचा, थोडा तिरपा.

‘गाडी उनी का वं?’
भरताच्या वांग्यांची पाटी उतरवत गोदूमाय विचारायची.
मी रुळाला कान लावून, फार जाणत्यासारखी,
‘नही व माय, अजून अमळनेरलेच शे.’

थांबा काढला त्या वर्षी
साहेब आला, तिकिटं मोजून घ्यायला.
एक कमी भरलं.
नंदुरबारचं, शून्य चार एक सात.
आप्पांनी पुन्हा मोजली, बोट ओलं करून, पुन्हा.
मग बंडीच्या खिशातून अकरा रुपये काढून
टेबलावर ठेवले.
माझ्याकडे एकदाच पाहिलं.

यंत्र गेलं. हापशाचा दांडा मागायला कुणी आलं नाही,
तो अजून दाराआड उभा आहे.
बाकावर लोक मिरच्या वाळत घालतात.
पॅसेंजर जाते, शिट्टी न देता.

तिकीट माझ्या कंपासपेटीत होतं.
नंदुरबार मी अजून पाहिलं नाही.
आप्पांनी विचारलं असतं तर दिलं असतं.