सतरा

शनिवारी रात्री भांडी आवरली
की आमच्या जेवणाच्या टेबलावर
एक राज्य उगवतं.
कुकरचं भांडं पालथं घातलं की किल्ला,
त्याच्यावर मिठाची बाटली, हा बुरूज,
आणि निळी ओढणी अंथरली की विश्वामित्री.
नदीचं नाव बदलायला ओजसने साफ नकार दिला,
म्हणून आमच्या जादूच्या मुलखातही
काळ्या घोड्याच्या पुलाखालचीच नदी वाहते
आणि तिच्यात ड्रॅगन नाहीत.
मगरी आहेत.
"ड्रॅगन पाहिलाय का कुणी?" तो विचारतो.
मगर त्याने पाहिली आहे, पुराच्या वर्षी,
समोरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये,
कुणाच्यातरी स्कूटरशेजारी,
चावी विसरल्यासारखी निमूट बसलेली.

खेळ मी चालवते.
नणंदेच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका चिकटवून
माझ्यापुढे आडोसा केलाय :
त्यांच्या बाजूला ओळीने सहा गणपती,
माझ्या बाजूला भुयारं, विषं, कोण फितूर आहे ते.

मृण्मयी चोर आहे. पंधरा वर्षांची.
आठवडाभर घरात "हं" आणि "माहीत नाही",
पण टेबलावर आली की पहारेकऱ्याला
असं काही गोड बोलून गुंडाळते
की मी पहारेकरी असूनही किल्ली देऊन टाकते.
निरंजन जादूगार. रिफायनरीतून शिफ्ट करून येतो,
दुसऱ्या मंत्राला त्याची मान कलते.
जादूगार ध्यानाला बसलाय, असं आम्ही समजतो
आणि त्याच्यापुढचा लीलो चिवडा वाटून घेतो.

आणि दादा, माझे सासरे.
चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या त्यांनी.
खेळात ते खाणीतले बुटके योद्धे,
कंबरेला पिढीजात कुऱ्हाड,
जी त्यांनी आजवर एकदाही उपसली नाही.
राक्षस समोर आला तर आधी विचारतात,
"ह्याला पगार कोण देतं?"
चष्म्याच्या काठावरून लिहीत असतात वहीत :
दोर, पन्नास हात. मशाली, तीन.
भाकऱ्या, सात (एक ओली).

काल ओजसचा तीरसिंग नदी ओलांडून गेला होता,
सगळे सुखरूप होते,
आणि खेचर अलीकडे राहिलं.
"मी परत जातो," तो म्हणाला.
नको म्हणाले सगळे. मीसुद्धा, जे मी म्हणायचं नसतं.
"ते वाट बघत असेल," तो म्हणाला.
मग वीस तोंडांचा फासा माझ्याकडे सरकवला :
"तू टाक, आई. माझा हात घामेजलाय."

पत्रिकांच्या आड फासा गडगडला,
मगरींच्या नकाशावर जाऊन थांबला.
एक.
नियम माझाच, माझ्याच अक्षरात, दोनदा अधोरेखित :
पाण्यात एक पडला तर संपलं.

"सतरा," मी म्हणाले.

मृण्मयीने भावाला मिठीच मारली, खरीखुरी.
निरंजन दचकून उठला, "कुणाचं जमलं?"
तीरसिंग ओला, खेचर ओलं,
ओजस टेबलाभोवती तीन फेऱ्या धावला.
तेव्हा माझ्या लक्षात आलं
की दादा आज माझ्याच बाजूला बसलेत.
तिकडे उजेड कमी पडतो म्हणून.

त्यांनी फाशाकडे पाहिलं.
मग माझ्याकडे.
मग पेनाचं टोपण काढलं.

सगळे झोपल्यावर मी वही उघडली.
"तीरसिंग : दान १७. सूनबाईंच्या सांगण्यावरून नोंद.
पडताळणी केलेली नाही."
खाली तारीख, सही.
त्याच्याही खाली, लाल शाईने, एकच ओळ :
"खर्च : कुऱ्हाड, एक. नदीस दिली."

फासा अजून तिथेच होता. मी तो उचलून डब्यात टाकला.
पुढच्या शनिवारी पुलापाशी
मी एक दानव उभा करणार होते, चांगला थोराड.
आता ह्या निःशस्त्र म्हाताऱ्यासाठी
त्याला निदान
हिशेबात कच्चा तरी ठेवायला हवा.