सुई डावीकडे गेली

नारीनच्या वर, खिंडीच्या पोटात उपकेंद्र.
लाईन मेलेली आहे, म्हणजे आम्हीच मारली आहे पहाटे,
तिन्ही फेज जमिनीला बांधून.
तरी झीपार एजे म्हणते, जिवंत समजून चाल.

जे तपासायचं ते दिसत नाही.
बुशिंगच्या मुळाशी, तेलात बुडालेलं
एक लोखंडी कडं. सीटी.
बाहेर येतात फक्त दोन वायरी,
आणि बंद दारामागच्या खोकल्यावरून माणूस ओळखावा
तसं आतलं ओळखायचं.

वरून बाराशे अँपिअर गेले की ते खाली म्हणतं, एक.
एवढंच त्याचं काम. थोडक्यात सांगणं, पण खरं.
आणि त्याचं तोंड उघडं टाकायचं नाही
लाईन चालू असताना, कधीच नाही.
वाट न मिळालेला प्रवाह दाब होऊन अंगावर येतो.
तुर्गुनबेकच्या उजव्या हाताला म्हणून तीनच बोटं होती.
अक्षर मात्र शेवटपर्यंत सुरेख.

मी ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर, हातात सहा व्होल्टची बॅटरी,
वाऱ्याने कानाच्या पाळ्या बधिर.
खाली ती, जुनं सुईचं मीटर मांडीवर घेऊन.
"लाव!"
लावली.
"परत लाव."
परत लावली.
तिसऱ्यांदा तिने काहीच म्हटलं नाही.

सुई डावीकडे गेली होती.
नकाशात उजवीकडे जाते. नामपट्टीवरही.
मग हे कडं उलटं बसवलंय,
मग इतकी वर्षं रिले गप्प कसा?

पेटीचं दार उघडलं. कोळ्याची जाळी, एक मेलेली गांधीलमाशी,
आणि बी फेजच्या दोन वायरी, मुद्दाम अदलाबदल केलेल्या.
नळीवर पेनाने लिहिलेलं: "असंच राहू द्या. तु."
उलट्याचं उलट. हिशेब बरोबर.
नकाशात मात्र एक अक्षर नाही.

"बुशिंग बदललं त्या हिवाळ्यातलं असणार," ती म्हणाली,
"उणे एकतीस होतं. पुन्हा कोण उघडणार टाकी?"
आणि हसली, किंवा थंडीने ओठ ताणले, सांगता येत नाही.

मग तिने दाब चढवला.
तीनशे चाळीसला आलेख वाकला, गुडघ्यासारखा,
जुन्या अहवालात वाकला होता तिथेच.
आणि मग उतरवणं.
हे ती कोणाला करू देत नाही.
बॅटरीचा एक झटकासुद्धा लोखंडात मागे उरतो
आणि ऐन वेळी त्याला खोटं बोलायला लावतो.
तीनशे. दोनशे साठ. दोनशे.
नॉब इतक्या हळू, की मी दोन कुरुत चघळून संपवले.
नव्वद. चाळीस. अकरा.
शून्यावरही तिचा हात तिथेच होता.

मी विचारलं, वायरी सरळ करायच्या?
तिने लाल पेन्सिल माझ्या हातात दिली.
"नकाशा सरळ कर."

मी दोन रेघा एकमेकींवरून नेल्या, तारीख घातली.
नाव कोणाचं लिहू ते विचारलं नाही.
ती तोवर लिंकचे स्क्रू आवळत होती,
एकेक, आणि पुन्हा पहिल्यापासून.