उजेड दिसला तर नापास

साहेबांनी बाहेरगावाहून नमुना आणला,
रुमालात गुंडाळून, पेढ्यासारखा,
आणि साकीनाक्याच्या गाळ्यात माझ्या टेबलावर ठेवला :
"कमलाक्षी, मापं घे. दिवाळीच्या आत दहा हजार नग."

पाच पूर्णांक आठ सेंटिमीटर.
किल्ल्यांच्या कडीत अडकवायची बोटभर वस्तू
आणि पोटात पक्कड, पातं, कात्री, कानस,
दोन स्क्रू ड्रायव्हर, बाटली उघडायचा आकडा.
मापं राहिली बाजूला,
दुपारभर मी नुसती उघडत-मिटत बसले.
कात्री मिटते ती पकडीच्या कुशीत,
पातं येतं तिथे कानशीनं आधीच अंग चोरलेलं.
कुणाचा कुणाला धक्का नाही.
दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहाजण.
भाऊ पाय पोटाशी घ्यायचा
तेव्हा माझी वही उघडायची.
हे डिझाइन मला कुणी समजावायला नको होतं.

आणि पात्यावरची ती खाच, नखापुरती!
जिनं किंवा ज्यानं ती आखली
त्या माणसानं ओल्या हातांचं, घाईतलं
कुणीतरी अनोळखी
नक्की डोळ्यांसमोर आणलं असणार.

साहेब हिशेबाला बसले.
कात्रीची स्प्रिंग : काढा, चार रुपये वाचले.
खाच : पत्रा दाबताना उमटेल तेवढी.
रिव्हेट : मऊ चालेल.
"भेटवस्तू आहे गं ती. कोण उघडून बघतंय?
वर कंपनीचं नाव नीट आलं की झालं."
नाव लेझरनं आलं. सुरेख.
केसाइतकंही वाकडं नाही.

माझी परीक्षा साधी असते.
पक्कड मिटायची, ट्यूबलाइटसमोर धरायची,
जबड्यांमधून उजेड दिसला तर नापास.
शंभरातले एकसष्ट
फटी दाखवत माझ्याकडे बघून हसले.
मी लाल शिक्के मारले.
शिक्के खोक्यांवर होते.
खोकी बदलली, माल गेला.
पगार वेळेवर झाला. तो मी घेतला, हेही लिहिते.

चार वर्षांनी, विक्रोळीला,
आमच्या लिफ्टचं चौथ्या मजल्याचं बटण आत जाऊन बसलं.
तुळाजी मेस्त्री आले. पिशवी स्कूटरलाच राहिली होती,
"असू दे," म्हणत खिशातून किल्ल्या काढल्या
आणि किल्ल्यांतून ते.

नावातली तीन अक्षरं झिजलेली.
उरलेली मी ओळखली.

"सोसायटीच्या सेक्रेटरींनी दिलं. भिकार आहे, फेकून दे म्हणाले.
भिकारच होतं हो.
दाताला दात लागत नव्हता.
दोन रविवार कानस मारली.
रिव्हेट उडालं, तर सायकलचा आरा कापून ठोकला.
ही खाच मीच पाडली, नख सटकायचं.
खाडीची हवा, म्हणून शनिवारी थेंबभर खोबरेल."

"जरा बघू?"

उघडली. सांध्यात किंचित ताण,
हवा तेवढाच.
कात्रीला स्प्रिंग नव्हतीच, तिथे
बॉलपेनातली वाकवून बसवलेली.
मिटली. आवाज आला,
डबीचं झाकण बसावं तसा.
सवयीनं हात वर गेला
जिन्यातल्या दिव्यासमोर.

एक डोळा मिटून मी बराच वेळ शोधलं.
काळोख. सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काय बघताय वहिनी?"
"पास," मी म्हणाले.
"कसला पास?"
मला सांगता आलं नाही.
त्यांनी हात पुढे केला, मी किल्ल्या दिल्या.
त्या टोकानं त्यांनी बटण अलगद ओढून बाहेर काढलं,
पट्टीचे दोन्ही स्क्रू बसवले,
आणि म्हणाले, दाबा आता.