पटावर चार

नियम साधा आहे. पट दहाच्या आत गेला की वर्ग बंद.
नोटीस मीच टाइप करतो, बावीस वर्षं.
यंदा जर्मनच्या तीन तुकड्या, जपानीला प्रतीक्षायादी,
फ्रेंचवाल्यांच्या स्कूटर्स पार पेरूगेटच्या वळणापर्यंत.
वर, गच्चीखालच्या खोलीत, झेरॉक्सच्या बंद मशीनशेजारी
स्वाहिली.
पटावर चार.

शिकवणारी मुलगी टांझानियाची, इथे एमएस्सीला आलेली.
नाव अतुपेले म्वाकालिंगा.
मानधनाच्या पत्रकात मी लिहिलं: अ. तुपेले.
रिसबूड म्हणाले, कुठले हे तुपेले? बार्शीचे का?
तिला सांगितलं तर एवढी हसली
की हातातला खडू मोडला.

सिस्टर कालिंदी ढमढेरे, म्वांझाच्या इस्पितळात
दोन वर्षांच्या करारावर निघालेल्या.
भोसरीचा एक पंपवाला, त्याला फक्त भाव करायचाय.
त्याचा भाचा, सक्तीने.
आणि कोंढव्याचे इब्राहिम परकार, वय एकोणऐंशी.
त्यांचे आजोबा मोंबासाच्या गोदीत होते,
शेवटच्या दिवसांत नुसतं पोले, पोले म्हणायचे.
घरच्यांनी पोळ्या करून पुढे ठेवल्या.
साठ वर्षांनी या खोलीत कळलं:
हळू, हळू.

मी फळा पुसायला गेलो होतो. बसलो.
फळ्यावर दुका, हेसाबू, रंगी, पेसा, बीमा,
आपलीच भांडी शेजारणीच्या फडताळात दिसावीत तशी.
किताबूसुद्धा होतं. पण अनेक असले की विताबू.
कारण सुरी म्हणजे किसू, सुऱ्या विसू;
दर्यापारच्या त्या पुस्तकाला
त्यांनी सुऱ्यांच्या पंगतीत बसवलं, पान वाढलं,
कुळ विचारलं नाही.

खुर्ची म्हणजे किती.
सिस्टर म्हणाल्या, किती काय?
अतुपेले म्हणाली, किती.
पाच मिनिटं हेच चाललं होतं.

एकदा उशीर झाला, जिन्यात दोघंच होतो.
ही माझी भाषा नाही, ती म्हणाली.
म्हणजे आहे, शाळेतली आहे.
आजीची वेगळी. सकाळी आजी म्हणते, उगोनिले,
झोप झाली का.
ती कुठे शिकवतात?
ती हसली नाही. कुठेच नाही.
आजीशी बोलताना मीच अडखळते.

मी काय बोलणार.
वेल्ह्याकडची माझी शाळा सातच्या पटावर बंद झाली,
आता तिथे खताच्या गोणी आहेत.
माझी लेक मला मेसेज लिहिते, त्यातलं मराठी
मी मोजत नाही.
मोजायची सवय आहे, तरी नाही.

मार्चअखेर साहेबांनी बोलावलं.
फाइलवरून डोळे न उचलता म्हणाले,
स्वाहिलीला किती?
आणि मला, खरं सांगतो, खुर्चीच दिसली,
परकारांची, हात नसलेली, पाय डगमगणारा,
खाली दुमडलेला पुठ्ठा.
म्हणालो, पाच.
पाचवा कोण?
मी.
तुमची फी भरलेली नाही, साहेब म्हणाले. ते खरंच होतं.

नोटीस टाइप झाली आहे. सहीही आहे.
फलकावर लावायची तेवढी राहिली.
घड्याळात सहा.
पण तिच्याकडे दिवस उजाडल्यापासून मोजतात,
म्हणजे आता तिथल्या हिशेबाने
बारा वाजलेत.
हे ऐकून पहिल्या दिवशी आम्ही सगळे खिदळलो होतो,
तिला कळेना, बारा वाजण्यात हसण्यासारखं काय.
परकारांनी समजावून सांगितलं.
ती म्हणाली, बरं, पण मग तासाभराने
एक वाजतोच ना?

टाचण्यांची डबी खिशात आहे.
वर भाचा मोठ्याने खुर्च्या मोजतोय,
त्या भाषेत आकडासुद्धा खुर्चीसारखा होतो,
विती वितातू, विती विन्ने.
पुढचा आकडा मला येतो.
आधी तो सांगून येतो,
मग बघू.