साडेतीन तास

पहाटेचे साडेतीन. कर्वेनगर गाढ झोपलेलं.
वल्लरीच्या डोळ्यांत मात्र सात वाजलेत,
उल्सानचे सात,
आणि ती माझा कान ओढते आहे
कारण तिच्या हिशेबानं पाळणाघराची पिवळी गाडी
आता खाली येऊन उभी राहील.

अकरा दिवस झाले येऊन.
सगळ्या बॅगा मिळाल्या, तिच्या पोटातलं घड्याळ तेवढं मागे राहिलं.
त्याची तक्रार कुठल्या खिडकीवर नोंदवायची?

पाय खाली टेकवते, झटकन वर घेते.
तिला वाटतं, आजीकडची फरशी बिघडली आहे.
तिकडे जमीन चालू करायची असते, भिंतीवर बटण.
"जमीन? चालू?" नाना रोज एकदा विचारतात
आणि रोज खाली बघतात.
त्या उबेवर ती पालथी पडली, रांगली,
तिथंच झोपायची तव्यावरच्या भाकरीसारखी,
मी मधूनमधून उलटायची.

दवाखान्यात तीन वेळा समुद्री शेवाळाचं सूप यायचं,
काळंहिरवं, बुळबुळीत, मोठ्ठा वाडगा भरून.
फोनवर आई विचारायची, डिंक खातेस ना? बाळंतशेपा?
हो म्हणायचे.
तोंडात शेवाळ असताना हो म्हणणं सोपं जातं.

बारसं फोनवरच झालं. पाळणा म्हणजे धुण्याची टोपली,
निनादनं धरलेली, हात थरथरत.
आईनं इथून कुर्रर्र केलं
आणि नेट अडकलं. नाव अर्ध्यावर: वल्ल...
उरलेलं नाव चाळीस सेकंदांनी पोहोचलं.
पाळणाघरातल्या बाईंना मग 'व' जमेना,
त्यांनी तिची बल्लारी केली.
नाना म्हणाले, म्हणजे थेट कर्नाटकात.

बसमधल्या आज्या पोरीचे पाय चाचपायच्या.
मोजे कुठेत? जुलैमध्ये. घामाच्या धारा.
मी नीट शिकलेलं पहिलं कोरियन वाक्य:
आत्ताच काढले हो तिनं, माफ करा.
परवा खाली पेंडसेकाकू भेटल्या.
टोपडं कुठेय गं?
मी चुकून मान लववून माफी मागितली.

आणि कालची गोष्ट.
वल्लरी माठापाशी उभी, एक हात वर,
म्हणाली, मुल.
आई पळत आली. परत म्हण? मुल, मुल.
"अगंबाई, स्वतःला मूल म्हणतेय! केवढी समज!"
पेंडसेकाकूंना हाक गेली, नाशिकला आत्याला फोन लागला,
नाना चष्मा पुसत बसले.
सगळे टाळ्या वाजवत होते
आणि ती रडायला लागली.
मी आतून आले, फुलपात्रं भरलं, तिच्या ओठाला लावलं.
घटाघटा प्यायली.
काही बोलले नाही मी.
चौदा महिन्यांत आईच्या वाट्याला
तिच्या तोंडचा पहिला शब्द आला होता.
त्याचा तिकडचा अर्थ सांगून
तो परत कसा काढून घ्यायचा?

आता स्वयंपाकघर. दिवा न लावता.
मुल, ती कुजबुजते, तिलाही कळतंय रात्र आहे.
माठाचा नळ उघडते, बारीक धार,
आणि दारात आई. केस सुटलेले, शाल उलटी.

"पाणी मागतेय ना ती?"

मी गप्प.

"कालच कळलं मला. तू पाजलंस तेव्हा."
फुलपात्रं माझ्या हातून घेते, खाली बसते,
उलटी शाल काढून फरशीवर अंथरते,
तिचे पाय त्यावर ठेवते.
"घे गं बाई. मुल घे."

वल्लरी पिते, अर्धं अंगावर सांडते,
मग फुलपात्रं आपटते जमिनीवर, खण्ण!
मी दचकते, अजूनही,
खालच्या मजल्यावरून तक्रारीचा फोन येईल म्हणून.
येत नाही. फक्त लांब कुठेतरी कुत्रं भुंकतं.

"एक कर," आई म्हणते,
"पेंडसेकाकूंना सांगू नकोस."