चिठ्ठी बदलताना

बरणी ४१७. त्सुशिमा बेट, भाताचं खाचर, फेब्रुवारी १९७१.
चिठ्ठी अल्कोहोलात पिवळी पडलीय,
बेडूक मात्र अजून तपकिरी,
वाळक्या पानाचा असतो तसा.
डोळ्यामागे काळा पट्टा, पाठीवरची घडी
कानाशी येऊन जराशी मुडपलेली.
इतकी वर्षं तो तिकडे रशियातल्या कुणाच्या
भावकीत मोडत होता.
आता वाटण्या झाल्या. नवं नाव आलंय.

नकाशावर ठिपके टाकते:
सगळा कोरिया, खाली जेजू,
मग त्सुशिमा, आणि संपलं.
जपानच्या बाकी अंगावर एकही तीळ नाही.
मधलं पाणी कधीकाळी इतकं रुंद नव्हतं म्हणतात.
म्हणजे बेडकानं समुद्र ओलांडला नाही.
समुद्रच मागाहून आला.

त्या खाचरावर मी जाऊन आले.
तोमिए अबिरु, वय त्र्याऐंशी, बांधावर बसून
मुळ्याचं लोणचं खात होत्या.
"दोन आहेत इथं. लहान आणि थोर.
आम्ही दोघांनाही बेडूकच म्हणतो."
मी सांगितलं, लहानाची गुणसूत्रं सव्वीस, थोराची चोवीस,
अंडी एकाच पाण्यात, पण सोयरीक होत नाही.
"मोजलीत होय!" म्हणाल्या,
आणि अर्धी फोड माझ्या हातावर ठेवली.

डबा बंद करता करता, मी काही विचारलं नसताना:
"आई जेजूची. श्वास कोंडून बुडी मारायची.
शंख काढायला आली ती राहिलीच.
घरात को सुन-ओक.
कचेरीत दुसरं नाव.
माझ्या शाळेत तिसरंच सांगायची, तेही दरवर्षी वेगळं."
हवा लख्ख होती. पलीकडे बुसानचे डोंगर
कुणी नखानं ओढल्यासारखे.
"गेली तेव्हा दगडावर कुठलं कोरायचं
यावरून भावाभावांत जुंपली."
मग?
"मग काय. दगड कोराच आहे."

त्यांच्या पायाशी अंड्यांचा एक पुंजका
अर्धा गाळात, अर्धा उन्हात.
मी फोटो काढला. स्थळ लिहिलं. वेळ लिहिली.

आमच्याकडे नियम आहे:
जुनी चिठ्ठी काढायची नाही.
नवी तिच्या शेजारी सरकवायची.
चिमट्यानं सरकवते. शाई धरते की नाही, पाहते.
बेडूक तसाच, काचेला पोट लावून,
मागचा एक पाय किंचित उचललेला.
झाकण घट्ट करते.
४१८ घेते.